पोपटाच्या पोटातली सही

माझे बाबा एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क होते आणि सही नसलेला कागद त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. घरीही तोच खाक्या. प्रगतिपुस्तक, दूधवाल्याचं कार्ड, किल्ली शेजारी ठेवल्याची चिठ्ठी, सगळ्याखाली सही हवी. आईने एकदा ‘भाजी आणायला जाते’ अशी चिठ्ठी दाराला लावली, तर परत आल्यावर तिला त्याच चिठ्ठीखाली लाल पेनाने लिहिलेलं सापडलं, ‘सही?’ त्या दिवशी आई त्यांच्याशी बोलली नाही. बाबांना रात्रीपर्यंत कारण कळलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मुंबईत पाच वर्षं चित्रकला शिकून मी नव्या पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये परत आले आणि जाहीर केलं की मी नोकरी करणार नाही, चित्रं काढणार. आईने कपाळाला हात लावला. बाबांनी चष्मा पुसला आणि नियम सांगितला. "वर्षभर वेळ देतो. पुढच्या पाडव्यापर्यंत एक चित्र पूर्ण करून दाखव. एकच. नाही जमलं तर आमच्याकडे टायपिस्टची जागा निघतेय, तिचा अर्ज भरायचा." तो कोरा अर्ज त्यांनी माझ्यासमोर कपाटाच्या खणात ठेवला. मी मनात म्हटलं, एकच चित्र? अहो, पाडव्यापर्यंत भिंती कमी पडतील.

अकरा महिने झाले आणि एकही पूर्ण झालं नाही. बाल्कनीत चित्र टेकवायचा माझा ईझल होता आणि त्याच्या डोक्यावर आईची कपडे वाळत घालायची दोरी. चित्र सुरू व्हायचं झोकात. पहिल्या दिवशी पिवळा असा काही लागायचा की मीच खूश. दुसऱ्या दिवशी वाटायचं, थोडं अजून. तिसऱ्या दिवशी अजून थोडं. पाचव्या दिवशी सगळ्याचा चिखल. आई बिचारी दोरीवर टॉवेल टाकता टाकता म्हणायची, "परवा छान होतं गं," आणि मी तिच्यावर खेकसायचे की तुला यातलं काही कळत नाही. खरं तर तिला बरोबर कळत होतं. मला मात्र रात्री अंथरुणात पडल्यावर भीती वाटायची, की पाच वर्षांत मी फक्त सुरुवात करायला शिकले, थांबायला नाही. आणि जिला थांबता येत नाही ती कसली चित्रकार? पण हे कुणाला सांगायचं? माझा नाकावरचा राग बघून घरातली माणसं बाल्कनीत येईनाशी झाली होती.

फाल्गुनात मी टर्पेंटाइन आणायला जुन्या पनवेलच्या बाजारात गेले होते. हार्डवेअरच्या दुकानात एक बाई दुकानदाराशी हुज्जत घालत होत्या. काठापदराचं लुगडं, अंगठ्याएवढं कुंकू, आवाज दुकानाच्या बाहेर जाईल असा. जवळच्या विचुंबे गावच्या होत्या. भाच्याचं लग्न आठवड्यावर आलेलं आणि भिंत रंगवणारा पेंटर काविळीने झोपलेला.

आमच्या बाजूच्या आगरी गावांमध्ये लग्नघराची दर्शनी भिंत रंगवून घेतात. दारावर गणपती, दोन्हीकडे केळी, मोर, कलश, मुंडावळ्या बांधलेले नवरानवरी आणि खाली ठसठशीत अक्षरांत दोघांची नावं. लग्न झाल्यावरही ते पुसत नाहीत. दरवर्षी चुना काढतात तो चित्राच्या कडेकडेने. गावातून फिरताना कुठल्या घरात कुणाचं लग्न झालं ते भिंतीच सांगतात. तर अशी भिंत कोरी राहणार म्हणून ह्या बाई घायकुतीला आल्या होत्या. दुकानदाराने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या पेंटर आहेत. मुंबईला शिकल्यात."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गणपती येतो?"

मला त्या प्रश्नाचा इतका राग आला की मी "येतो" म्हणून बसले.

सोमवारी सकाळी सायकलला डबे लटकवून मी विचुंब्याला पोचले. शुक्रवारी हळद. भिंत बारा हात लांब, ताजा चुना काढलेली, वर पडवीचं छप्पर, आणि समोर अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या सात-आठ बायका. म्हणजे मी काम करणार आणि ह्या मागे बसून बघणार. माझ्या मागे कुणी उभं राहिलेलं मला चालत नसे. कॉलेजात त्यावरून मी एका प्राध्यापकांनाही बोलले होते. इथे कुणाला बोलणार? त्यांचंच घर, त्यांचीच भिंत.

चित्राखालचं अस्तर, म्हणजे रंगाचा पहिला हात, वाळलं आणि मी माझं शिक्षण बाहेर काढलं. उजवीकडचा मोर मी मान वळवलेला काढला, मागे बघणारा. मानेची रेघ एका दमात आली होती. मला तर वाटलं, आता ह्या बायकांना चित्र म्हणजे काय ते समजेल. आत्या (गाव त्यांना आत्या म्हणे, मीही म्हणू लागले) सूप खाली ठेवून उठल्या.

"ह्यो तोंड फिरवून का बसलाय?"

मी म्हटलं, "ती रचना आहे, आत्या. नजर फिरते त्यामुळे."

"नजर फिरू दे गं. पण मोर रुसलाय. लग्नाच्या घरावर रुसलेला मोर? उद्या सून रुसली की समदी मला बोलतील."

मागे बायका फिदीफिदी हसल्या. मी दात खाऊन मोराची मान सरळ केली. मग केळीची पाळी. परसातली खरी केळ बघून मी काढली होती, तिला खाली लोंबणारं एक सुकलं पानही घेतलं, कारण खऱ्या केळीला ते असतंच. आत्या एवढंच म्हणाल्या, "बाय, सुकलेलं आमच्या परसात हाय. भितीवर हिरवं काढ." मला हसू आलं. अकरा महिन्यांत चित्राच्या समोर उभी असताना मला पहिल्यांदा हसू आलं.

बुधवारपर्यंत मला त्या मागे बसलेल्या बायकांची सवय झाली. नवरीच्या नाकात नथ घालायची राहिली की त्या सांगत. कलशाचा नारळ फार लहान झाला की सांगत. गणपतीच्या हातात मोदक एकच का, असं एकीने विचारलं तर दुसरीच म्हणाली, "खाल्ला असंल." जेवायच्या वेळेला माझ्यापुढे भाकरी, सुकटाची चटणी आणि ताक येई. मुंबईच्या प्रदर्शनांत माणसं हात मागे बांधून, मान तिरकी करून विचारत, ह्याचा अर्थ काय. इथे अर्थ कुणी विचारला नाही. सगळ्यांना एकच घाई, की शुक्रवारच्या आत आमचं चित्र होऊ दे. आमचं. माझ्या चित्राची कुणी अशी वाट बघत असेल हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी नावं लिहून झाली. मी मागे सरकून पाहिलं आणि माझा जुना रोग उसळला. वाटलं, मोराच्या पिसाऱ्यात थोडा जांभळा अजून. ब्रश बुडवलाही. तेवढ्यात आत्यांनी माझं मनगट धरलं.

"पुरं. आता झालं."

"थोडंसंच, आत्या."

"भाकर भाजली की तव्यावरनं काढतात. ठेव तो बुरूस."

मी ब्रश ठेवला. आणि खरंच झालं होतं. बारा हात भिंत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही चिखल नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी टर्पेंटाइनच्या वासावर ढकललं. पाडव्याला अजून तीन आठवडे होते. माझं एक चित्र पूर्ण झालं होतं. आता कपाटातला अर्ज कपाटातच राहणार, ह्या आनंदात मी ती चूक केली. आत्या आत चहा ठेवायला गेल्या, बायका पांगल्या आणि मी लाल रंग घेऊन उजव्या कोपऱ्यात खाली, नवरीच्या नावाच्या बरोबर खाली, माझी सही ठोकली. पाच वर्षं वहीच्या मागच्या पानांवर घोटलेली झोकदार सही. आम्हाला शिकवलंच होतं तसं, की सही केल्याशिवाय चित्र सोडायचं नाही. शिवाय घरी बाबा होते.

शुक्रवारी सकाळी बाबा डबा घेऊन ऑफिसला निघायच्या बेतात असताना दार वाजलं. आत्या. कपाळावरचं कुंकू पसरलेलं, श्वास लागलेला.

"चल. आताच्या आता चल."

"काय झालं?"

"नवरीचा मामा आला होता कोन गावावरनं. भितीवरची नावं वाचली त्यानं, मोठ्यानं, समद्या गावासमोर. पयलं नवऱ्याचं नाव. खाली नवरीचं नाव. आन् त्याच्या खाली तुझं. मला इचारतो, ही दुसरी कोण? आमच्या पोरीच्या आधीची की नंतरची? चहाला शिवला नाय. पाटावरनं उठून गेला."

त्या भिंतीवर नावं फक्त नवरानवरीची असतात. गावातलं लहान पोरही ते जाणत होतं. मी बारा हात भिंत रंगवून तेवढंच शिकले नव्हते. नवऱ्याच्या घरावर एका बिनलग्नाच्या मुलीचं नाव, तेही लाल रंगात आणि झोकदार. मामाचं काय चुकलं?

आई म्हणाली, "अगं बाई." बाबांनी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मी येतो." माझ्या आठवणीत त्यांनी हाफ डे घेतलेला तो पहिला दिवस. तिघं रिक्षात बसलो. आत्या मध्ये.

भिंतीपाशी अर्धं गाव जमलं होतं. नवरदेव ओटीवर तोंड पाडून बसलेला, त्याच्याकडे बघवेना. मी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन सही पुसायला गेले आणि हात तसाच थांबला. रंग अजून पुरता वाळलेला नव्हता. पुसला की नवरीच्या नावाखाली कुंकू पुसल्यासारखा लाल फराटा उमटणार. बघणाऱ्या बायकांच्याही ते एकदम लक्षात आलं. एकजण "नको नको नको" म्हणत पुढे झाली.

"मग झाक," आत्या म्हणाल्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मी हिरवा घेतला. ओल्या रंगावर रंग चढवू नये, हे पहिल्या वर्षात शिकवतात, पण दुपारी हळद होती. सहीच्या लांबीचा, जरा लठ्ठच, असा एक पोपट मी तिच्यावर बसवला. पहिलं अक्षर शेपटीखाली गेलं, बाकीचं पोटात. सहीच्या लाल टोकाची मी चोच केली. पोपटाची मान नवरीच्या नावाकडे वळवली, तर आत्यांनी नुसतं डोळे वटारले. मी घाईघाईने ती सरळ केली.

मामांना आणायला नवरदेवाचा भाऊ मोटरसायकलवर कोनला गेला होता. ते आले ते मिशीवर हात ठेवूनच. आत्यांनी मला दंडाला धरून पुढे केलं. "ही बघा तुमची दुसरी. पेंटर हाय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. कोपरापर्यंत रंग, केसांत चुना, पायात बाबांच्या जुन्या चपला. "पेंटर बाई असते?" त्यांनी विचारलं.

"असते," बाबा मागून म्हणाले. "माझी मुलगी आहे. चुकून सही केली तिने. सवय आमच्या घरातली आहे, दोष माझा."

मामा भिंतीजवळ जाऊन वाकले. मग म्हणाले, "पोपट बरा आलाय," आणि चहा मागितला. अंगणात सगळे एकदम बोलायला लागले. नवरदेव तर असा उठून उभा राहिला की त्याला वाटलं असावं लग्न लागलंसुद्धा.

गर्दी पांगल्यावर बाबा भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले, फाईल चाळावी तसे. मी मागे उभी.

"पूर्ण आहे?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण आहे."

"सही कुठाय?"

"पोपटाच्या पोटात."

बाबांचे ओठ हलले. "मग कागद बिनसहीचा. प्रकरण पेंडिंग," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. मी नाही हसले. मला त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता, आणि त्यांनी त्याची थट्टा केली.

पाडवा आला, गेला. श्रीखंड खाऊन झालं, मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. टायपिस्टच्या जागेवर दुसरं कुणी लागलं आणि तो अर्ज खणात पिवळा पडला. पुढे माझी चित्रं पूर्ण होऊ लागली. दरवर्षी लग्नसराईत दोन-तीन भिंती रंगवायचे, बाकी वर्ष कॅनव्हास. कॅनव्हाससमोर हात थांबेनासा झाला की मी मनगटावर आत्यांची पकड आठवायचे आणि ब्रश ठेवून चहा करायला जायचे. मुंबईत प्रदर्शनं झाली, चित्रं विकली गेली, सगळ्यांच्या उजव्या कोपऱ्यात झोकदार सही. बाबा प्रत्येक चित्र बघत, सही तपासत, "छान आहे" म्हणत. पण पाहुण्यांना माझी ओळख करून देताना त्यांचं ठरलेलं असे, "हिचं एक प्रकरण विचुंब्याला पेंडिंग आहे." सगळे हसत, हळूहळू मीही हसू लागले. तरी प्रत्येक वेळी ते आत कुठेतरी टोचायचं. इतकी चित्रं झाली, पण बाबांनी मागितलेलं ते एक चित्र मी त्यांना दिलं की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

पनवेलला लोकल सुरू झाली त्याच सुमारास एका सकाळी घरी फोन आला. आवाज अजूनही फोनच्या बाहेर येईल असा. "बाय, तुझं नाव भाईर आलंय."

बाबा तेव्हा रिटायर झाले होते. मी म्हटलं, जाऊन येते, तर ते म्हणाले, "थांब," आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. रिटायर झाल्यावरही खिशाला पेन होतं.

भिंत होती तशीच होती. दर वर्षीचा चुना कडेकडेने बसून बसून चित्राभोवती बोटभर जाड चौकट तयार झाली होती. बाकी रंग थोडे फिके पडलेले, पण मोर समोरासमोर, केळी हिरव्या. फक्त पोपटाच्या पोटाचा पापुद्रा सुटला होता आणि आतून लाल अक्षरं बाहेर डोकावत होती. ओल्यावर चढवलेला रंग, दुसरं काय होणार. आत्या आता काठी घेऊन चालत. त्या वेळची नवरी घराची मालकीण झाली होती, कमरेला किल्ल्या, अंगणात दोन मुलं. तिने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून हसली.

"राहू दे ताई तसंच," ती म्हणाली. "आता काय भ्यायचं? आता तो कुठं पळत नाय. मीच कवा कवा सांगते, जा कुठं तरी."

आत्याही म्हणाल्या, "राहू दे. तुझंच काम हाय ते. आमची हरकत नाय."

म्हणजे सही करायची परवानगी मिळाली होती. नऊ वर्षं उशिरा, पण घरच्या दोन्ही बायकांच्या तोंडून. आणि बाबा समोर खुर्ची टाकून बसले होते. आता फक्त सुटलेला पापुद्रा खरवडून टाकायचा, नाव मोकळं करायचं, की पेंडिंग प्रकरण संपलं. मी खरवडणी हातात घेतली. अक्षरं नीट बघितली. किती झोकात केली होती मी ती सही, खालच्या रेघेला केवढी शेपटी. वरती गणपती, मोर, केळी, दोन नावं, आणि त्यांच्या पायाशी ही माझी आरडाओरड. मला लाज नाही वाटली, हसूच आलं. त्या भिंतीला जे हवं होतं ते सगळं तिच्यावर होतं. ती चुना सुटलेली, किल्ल्यांची, मुलांच्या हातांचे डाग पडलेली भिंत ह्या घराची होती आणि मला तिचा अतोनात अभिमान वाटत होता. तो वाटायला माझं नाव तिथे असायची गरज पडली नाही.

मी खरवडणी ठेवली आणि पिशवीतून हिरव्याची ट्यूब काढली. "ह्या वेळी अस्तर देऊन बसवते," मी आत्यांना म्हटलं. "आता नाही सुटायचा."

पोट झालं, शेपटी झाली. मागे खुर्ची करकरली. बाबा उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले, अगदी खांद्याशी. मी ब्रश न थांबवता म्हटलं, "काय बघताय? सही नाहीये."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं, भिंतीकडे पाहिलं, आणि टोपण परत लावलं.

"निकाली," ते म्हणाले.

मी तेव्हा चोच काढत होते. हात हलला. आत्या म्हणाल्या, चोच वाकडी झाली. मी म्हटलं, राहू द्या, आता झालं.